आईच्या स्टुलाची पाचर

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई चार वाजता घरी येणार होती. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती आणि आमच्या स्वयंपाकघरात जमिनीशिवाय बसायला काही नव्हतं. खुर्ची विकत आणायची नाही, स्टूल मीच करणार, असं मी जाहीर केलं होतं. जाहीर करणं मला जमतं. अप्पा हेब्बाळच्या कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे, त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले.

लाकूड त्याच कारखान्यानं फेकलेल्या खोक्यांचं. खिळा नाही, स्क्रू नाही. दोन उभ्या फळ्या, त्यांच्या भोकांतून आरपार एक दांडी. दांडीच्या टोकाला करवतीची चीर द्यायची आणि तीत पाचर ठोकायची, म्हणजे टोक फुगून भोकात घट्ट बसतं. मी ठोकली. बसेना, म्हणून आणखी जोरात ठोकली. फळी वरपासून खालपर्यंत उभी फाटली.

अकरा वाजले होते. मी हातोडी आपटली.

"स्वल्प थांब, पोरी," अप्पा म्हणाले. "आजच्यापुरती प्लास्टिकची खुर्ची आणतो."

"नको! घसरते ती."

त्यांनी दांडीचं टोक निरखलं. "चीर उभी दिलीस. फळीच्या रेषाही उभ्याच. मग पाचर त्यांना फाकवणारच की. चीर आडवी दे. जोर वर-खाली जाऊ दे, रेषांच्या दिशेनं."

"तुमच्या पत्रकांत तर 'जोर लावा' एवढंच असायचं."

"कुठं लावायचा तेही असायचं. तू नुसती मोठी अक्षरं वाचलीस."

मी फाटलेली फळी बाजूला भिरकावली. उरलेल्या खोक्यातून नवी फळी कापली. दांडीला दुसरी चीर दिली, आडवी. या वेळी हळू ठोकत गेले. ठक्क आवाज बदलून भरीव झाला तेव्हा अप्पांनी माझं मनगट धरलं. "बस." मला अजून दोन घाव हवे होते.

वरची बैठक बसवेपर्यंत रिक्षा दारात होती.

आई वॉकर धरून स्टुलासमोर थांबली. "बसू का? तुमची तोंडं बघून भीती वाटते."

"बस," मी म्हणाले आणि खाली वाकून दांडीला कान लावला.

ती टेकली. लाकूड एकदा करकरलं.

"उठ आता तिथनं," आई म्हणाली, "आणि ती घेवड्याची परडी दे इकडं."

परडी अप्पांनी दिली. मी कान काढला नव्हता.