करीमभाईंचा पुढचा दरवाजा

आमची चाकांवरची खोली मोटारीला जोडायच्या आधी करीमभाई मिस्त्री तिच्या पुढच्या लोखंडी दांड्याखाली दोन्ही हात घालायचे, डोळे मिटायचे आणि तो दांडा वीतभर उचलून धरायचे. आजूबाजूला कितीही गडबड असो, ते तसेच उभे. नवख्या माणसाला वाटावं, मिस्त्रींची कंबर धरली. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "नाक हलकं हाय. मागचं सामान पुढं घ्या."

त्या दांड्याला ते नाक म्हणत. धानाच्या अर्ध्या पोत्याएवढं वजन हाताला लागलं पाहिजे, ना कमी ना जास्त, असा त्यांचा हिशेब होता. नाक हलकं म्हणजे पाठ जड, आणि पाठ जड असली की खोली रस्त्यावर शेपटी हलवणार. माझ्या नवऱ्यानं, वासुदेवनं, एकदा काटा आणून खात्री करू या असं सुचवलं. करीमभाई शांतपणे म्हणाले, "आना ना. पन काटा खराब निंगाला तं मले सांगू नका." काटा आला नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे माईंचं, वडशाला नाटक मंडळ होतं. धान निघालं की आमच्या पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि आम्ही घराला कुलूप घालून गावोगाव निघत असू. मी लग्नाआधीपासून याच मंडळात काम करत होते, त्यामुळे शाळेच्या वर्गात झोपणं, कुणाच्या तरी अंगणात आंघोळीला आडोसा शोधणं मला नवं नव्हतं. पण दोन लेकरं झाल्यावर माझा धीर सुटला. एका गावी धाकटीला ताप भरला आणि मी तिला रंगपटातल्या ट्रंकेवर निजवून राणीचं काम करायला गेले. परत आल्यावर वासुदेवला स्पष्ट सांगितलं, पुढच्या वर्षी मला निजायला स्वतःची जागा पाहिजे, नाहीतर राणी दुसरी शोध.

आमच्याकडे जुनी अँबेसिडर होती. तिच्यामागे ओढता येईल अशी खोली करून घ्यायची, असं वासुदेवनं ठरवलं आणि आम्ही रेल्वे फाटकाजवळच्या करीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. किडकिडीत माणूस, पांढरी दाढी, कानामागे खडू. वासुदेव लांबीरुंदी सांगत होता आणि ते माझ्याकडे बघत होते. "वहिनी, चूल कुठी पाहिजे? लेकरं कोन्या बाजूनं झोपतेत?" मी म्हटलं, यांना विचारा. तर म्हणाले, "त्यायची मोटार हाय. घर तं तुमचं हाय." त्या दिवसापासून मला हा माणूस आवडला.

खोली झाली झकास. दोन फळ्यांचे पलंग, एक खिडकी, चुलीची जागा, मागे दरवाजा. पण ती ताब्यात देण्याआधी त्यांनी वासुदेवला आठ दिवस राबवलं. खोली घेऊन मागे सरायचं तर स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, त्यात वासुदेवनं बाजार समितीच्या मैदानावर एक खांब आणि स्वतःची अब्रू दोन्ही वाकवली. नियम तर ढीगभर होते. मोटारीला जोडायचा आकडा बसला तरी खालून साखळी पाहिजेच. उतारावर गिअर खालचा. दर थांब्याला चाकाच्या बुडाशी तळहात लावून बघायचं, किती तापलंय ते. चालत्या खोलीत माणूस बसणार नाही, माई असो की राजा असो. आणि आमची नाटकं रात्रभर चालत, म्हणून खास आमच्यासाठी एक: "रातभर जागलेला मानूस खोली वढत नाई. झोपा, जेवा, दुपारी निंगा."

सगळ्यात महत्त्वाचा नियम ते वासुदेवकडून पाठ करून घ्यायचे. "खोली मागं डुलाले लागली तं काय करसान?" "ब्रेक दाबणार नाही." "आखीन?" "स्टिअरिंगला झटका देणार नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घेईन आणि सरळ धरून ठेवीन." मग करीमभाई समाधानानं मान हलवायचे. नाटकातले संवाद विसरणारा माझा नवरा हे मात्र कधी विसरला नाही.

आमच्याही मंडळाचा एक नियम होता, आणि तो करीमभाईंच्या आधीपासूनचा. माईंची पूजेची पेटी. सासऱ्यांनी मंडळ काढलं तेव्हापासून ती सगळ्यात शेवटी गाडीत चढायची आणि मुक्कामाला सगळ्यात आधी उतरायची. तिच्यापुढे नारळ फुटल्याशिवाय मांडवाची एक बल्ली रोवायची नाही. पेटी वासुदेव आणि आमचा ढोलकीवाला असे दोघं दोन बाजूंच्या कड्या धरून उचलत. ती उघडायची फक्त माईंनी, तेही एकटीनं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आणि मग वडशावरून जाणं झालं की तेव्हाही, करीमभाई आमच्या दारात हजर. नाक उचलायचे, सामान हलवायचे, आकडा लावायचे, साखळी घालायचे. माईंनी उदबत्ती पेटवली की ते हात पुसत चार पावलं बाजूला होऊन अंगणातल्या चिंचेखाली उभे राहायचे. पेटी खोलीत चढायची, दरवाजा लागायचा, मग लांबूनच म्हणायचे, "जा आता, सुखानं जा." आम्हाला वाटे, मुसलमान माणूस, त्यांना आपल्या पूजेत नको असेल. त्यांना काय वाटत असे ते आम्ही कधी विचारलं नाही.

चार वर्षं काही झालं नाही, कारण रस्तेच असे होते की सायकलवाला आम्हाला मागे टाकून जायचा. पाचव्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेसाठी निघालो तेव्हा चामोर्शीकडचा रस्ता नवा डांबरी झाला होता. काळा, गुळगुळीत. वासुदेवला वेगाचा मोह झाला. मी पुढे बसले होते, मागे माई आणि दोन्ही लेकरं. एका नाल्याच्या उताराला लागलो आणि गाडीला मागून कुणीतरी धरून हलवल्यासारखं झालं. आरशात पाहिलं तर खोली या कडेहून त्या कडेला झुलत होती. मोटारीचं बूड तिच्याबरोबर सरकू लागलं. समोर पुलाचे दगडी खांब. वासुदेवचा पाय ब्रेककडे गेला, मी पाहिलं, आणि तो तिथेच थांबला. त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून सरळ धरलं. तेवढ्यात खोलीचा मागचा कोपरा एका खांबाला लागला, पत्रा फाटल्याचा आवाज आला, आणि हळूहळू आम्ही पूल ओलांडून थांबलो. लेकरं रडतही नव्हती, इतकी घाबरली होती. मी उतरून रस्त्याच्या कडेला बसले आणि दोघांना मांडीवर ओढलं.

निरोप गेला तसे दुसऱ्या दिवशी सकाळी करीमभाई एसटीनं आले. फाटलेल्या पत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट नाकाखाली हात घातले आणि त्यांचा चेहरा उतरला. एका हातानं उचललं जात होतं. "हे तं मी केलेलं वजन नाई. मागं काय चढवलं?"

मंडळाच्या ट्रकमधून मागून आलेला ढोलकीवाला पुटपुटला, "पेटी हाय ना, मिस्त्री. ते तं रोजच असते."

"वजनदार हाय?"

"दोघाले भारी होते."

माई बाभळीखाली ताठ बसल्या होत्या. त्या भांडायच्या तयारीनंच बसल्या होत्या, मला त्यांची बसण्याची तऱ्हा ठाऊक. करीमभाईंनी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "करीमभाऊ, पेटी शेवटीच चढन. पाहिजे तं खोली इकून टाकतो मी."

खोली गेली तर मी त्या वर्गखोल्यांत परत जाणार नव्हते, आणि मी गेले नाही तर मंडळात दुसरी राणी नव्हती. करीमभाई माईंच्या समोर जमिनीवरच बसले. कानामागचा खडू काढून बोटात फिरवला.

"शेवटीच चढवा ना, बाई," ते म्हणाले. "तुमची रीत बराबर हाय. चूक माही हाय. पाच सालापासून मी नाक पेटीच्या आधी उचलून राह्यलो. तुमची पूजा म्हनून बाजूले झालो, तं डोक्शानंही बाजूले झालो. मिस्त्रीनं असं नाई करावं. अजून एक, ट्रॉलीले दरवाजा मागं असते म्हनून मी घरालेही मागंच ठेवला. तो पुढं पाहिजे होता. मंग पेटी शेवटी चढन, आन् पुढंच राहीन."

माझी लेकरं त्या मोटारीत होती. मी मनातल्या मनात रात्रभर या माणसाला बोल लावत होते, आणि तो स्वतःच सगळं आपल्या पदरात घेऊन मोकळा झाला.

मार्कंड्याचा प्रयोग आम्ही सामान ट्रकमध्ये घालून केला. खोली वडशाला परत गेली. करीमभाईंनी चार दिवसांत पुढे दरवाजा काढला, मागचा बुजवला. नाक आता जड होणार हे ओळखून धान्याचे डबे आणि भांडी चाकांच्या वर सरकवली. निघायच्या दिवशी सगळं झालं, उदबत्ती लागली, आणि ते सवयीनं चिंचेकडे निघाले.

"करीमभाऊ," माईंनी हाक मारली. "एक कडी तुमी धरा."

ते थबकले. मग हापशीवर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, डोक्यावर रुमाल बांधला. एका बाजूला वासुदेव, एका बाजूला ते. पेटी आत ठेवून खाली उतरले तेव्हा दम लागला होता. "धानाच्या पोत्याच्या बराबर हाय," एवढंच म्हणाले आणि पुन्हा नाकाखाली हात घातले. त्यानंतर दर हंगामाला एक कडी त्यांचीच. निघायला कितीही उशीर होवो, माई त्यांच्यासाठी थांबायच्या.

करीमभाई वारले तेव्हा पावसाळा होता आणि आम्ही माईंसकट ब्रह्मपुरीला माझ्या माहेरी होतो. कळायला चार दिवस लागले. माईंचे गुडघे तेव्हा पार गेले होते, तरी त्या आल्याच. करीमभाईंच्या घरी त्यांच्या बायकोजवळ, खैरूनबीजवळ, सतरंजीवर बसल्या. मग खैरूनबीनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "बाई, एक सांगता का? त्या पेटीत हाय तरी काय? इतकी सालं उचलली त्यायनं. मी विचारलं तं म्हने, मी हात लावला, पाह्यलं नाई."

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या घरात पंधरा वर्षं सून होते, मलाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. पितळेचा नटराज. सासऱ्यांचे घुंगरू. समया. "आन् खाली एक दगड हाय. आमच्या पहिल्या मांडवाची बल्ली ज्याले टेकवली होती, तो. मालक म्हनत, हा सोबत असला म्हंजे मांडव पडत नाई. एकाले उचलत नाई, एवढा मोठा हाय."

"दगड?" खैरूनबी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकदमच आलं. "त्या दगडापायी माह्या मानसानं दरवाजा फिरवला?"

माईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. "त्यायनं एका शब्दानं म्हटलं असतं ना वो, तं मी तो काढून ठेवला असता."

खैरूनबीनं मान हलवली. "ते नसते म्हनत, बाई."