हिराआक्काचा हप्ता

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली, मग लिहायचं म्हणजे वाण्याची यादी, एवढंच. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. हिराआक्काबद्दल कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं, आणि दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

बोईसरजवळ सरावलीत आक्काची खानावळ होती. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. कारखान्यांतली पंचवीस-तीस माणसं तिथे दोन वेळा जेवायची. आक्का दारात उभी राहायची आणि आत येणाऱ्याला म्हणायची, "हात दाव." रंगाच्या कारखान्यातल्या माणसांचे तळवे कधी निळे असायचे, कधी हळदीसारखे पिवळे. साबणाने तो रंग जायचा नाही. आक्का त्यांच्या हातावर चिंचेचा गोळा आणि मीठ ठेवायची. "घास. माज्या भाकरीला तुज्या कंपनीचा रंग नगं." ती साताऱ्याकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली. नवरा लवकर गेला आणि ती चुलीपाशी राहिली. नावं तिच्या ध्यानात राहत नसत. कुणी 'निळा', कुणी 'रातपाळी', कुणी 'बॉयलर'. माझ्या नवऱ्याला ती 'पळणारा' म्हणायची.

हे लग्नाआधीचं. आमचे हे मासवणचे. फौजेच्या भरतीची तयारी करायला सरावलीत येऊन राहिले होते, आक्काच्या संजयबरोबर. दोघं पहाटे पळायचे. त्याच सुमारास सासरे झाडावरून पडले, घरून पैसे यायचे बंद झाले. आक्काने एकदाही विचारलं नाही. वर्षभर हे तिथे उधार जेवले.

भरतीच्या दिवशी पहाटे आक्काने तुपातला शिरा केला आणि दोघांपुढे ताटं ठेवली. संजय पोटभर जेवला. आईने प्रेमाने वाढलेलं, तो नाही कसं म्हणणार. यांच्या घशाखाली मात्र उधारीमुळे शिरा उतरेना. चहा पिऊन उठले. मैदानावर तिसऱ्या फेरीत संजयला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि तो खाली बसला. हे पळत राहिले आणि घेतले गेले. संजय पुन्हा भरतीला गेलाच नाही, कारखान्यात लागला. ह्यांनी त्यानंतर सरावलीचं तोंड पाहिलं नाही. आधी बहिणींची लग्नं होती, मग घर होतं, पण खरं कारण संजय होता. पैसे घेऊन त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची.

मग यांना सीमेवर जायचा हुकूम आला, बर्फातल्या जागी, दीड वर्षासाठी. निघायच्या आधी चार दिवस होते. हे म्हणाले, "सगळ्यांना भेटून जाऊ." दिराची मोटरसायकल घेतली. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं.

त्या चार दिवसांची आठवण झाली की अजून माझी पाठ दुखते. माकुणसारला माझ्या माहेरी गेलो, भावाने चिकूची पिशवी दिली. पालघरला यांचे तीन मित्र, तीन घरं, तिन्हीकडे जेवण. एकाकडे जेवून आलो म्हटलं तर दुसऱ्याला राग. प्रत्येक घरी तेच प्रश्न, किती दिवस, थंडी किती, फोन लागतो का. पुरुष बाहेर बसायचे आणि बायका मला आत न्यायच्या. "तुला भीती नाही वाटत?" मी म्हणायची, नाही. मला फार बोलता येत नाही, नाही म्हटलं की संपतं. तिसऱ्या दिवशी तेराव्या की चौदाव्या घरी मी तेच म्हणाले आणि मला वाटलं, आता कुणी विचारलं तर मी इथेच खाली बसेन.

चौथ्या दिवशी दुपारी सरावलीला गेलो. आक्का दारातच होती. बारा वर्षांनी पाहिलं तरी एक क्षण लागला नाही.

"काय रं पळणाऱ्या. हात दाव."

यांनी हात पुढे केले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मीही केले.

"ही बायकू व्हय? हिला कुठं कुठं फिरवलीस रं? डोळं बघ तिचं." माझ्याशी बोलली ते एवढंच, "पोरी, आत तांदळाची पोती हायत. त्यांच्या मागं चटई हाय. जा, नीज."

मी अनोळखी घरात कधी झोपले नव्हते. त्या दिवशी झोपले. उठले तेव्हा उन्हं कलली होती आणि बाहेर दोघांचं चाललं होतं.

"आक्का, घ्या. अठरा हजार होतात. मी लिहून ठेवलं होतं."

"ठेव तुज्याजवळ."

"माझ्या डोक्यावर ओझं हाय, आक्का. तिकडे जायच्या आधी मला मोकळं व्हायचंय."

"आन मग मला तुजी खबर कोन देनार?"

यांनी नोटा तशाच पुढे धरल्या होत्या.

"तुज्या आयला कळंल, बायकूला कळंल. सरकार त्यांना कळवंल. मी तुजी कोन? मला सरकार कळवनार हाय व्हय? पैसं एकदम न्हाई घ्यायची. म्हैन्याला हजार. आन तू न्हाई द्यायचं, ही आनून देईल."

"फोनवरून पाठवते ना ती," हे म्हणाले.

"फोनातनं आलेल्या पैशाला तोंड नसतं. हिचं तोंड बघितलं की मला कळंल."

मी दारात उभी होते. मला कुणी विचारलं नाही, पण मी मान हलवली. निघताना आक्काने शिरा केला नव्हता, पिठलं-भाकरी होती. यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. ती बघत बसली होती. म्हणाली, "माज्या पोराला मी खाऊ घालून पाडलं. तू उपाशी गेलास म्हनून लागलास. मी ते कुनाला सांगत न्हाई." संजय तेव्हा कामावर होता. त्याची वाट न बघता आम्ही निघालो.

मग दर महिन्याला मी दोन वाहनं बदलून सरावलीला जायची. मी कुठेच एकटी जात नसे, पण तिथे जायची. आक्का पैसे आधी घेत नसे. आधी तोंड बघायची. मग म्हणायची, "बरा हाय म्हनायचा," आणि मग नोट पदराला बांधायची. मी काही न सांगता तिला कळायचं की फोन आला होता, की मुलीला ताप होता, की सासूबाई बोलल्या होत्या. ती सल्ला देत नसे. कांदे पुढे सरकवायची, "चीर, रडायचं आसंल तर आत्ताच रडून घे." तिच्या मांडीशी बसून मी कांदे चिरायची. पंधरा माणसांचे कांदे होईपर्यंत माझं होऊन जायचं.

सातव्या महिन्यात यांचा फोन बंद झाला. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. हप्त्याची तारीख आली आणि मी गेले नाही. पैसे डब्यात होते. पण मला वाटलं, आक्का माझं तोंड बघेल आणि काहीतरी म्हणेल, आणि तिने म्हटलं की ते खरं होईल. मी अंगणात बसून राहिले.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी आक्का मासवणला आली. खानावळ बंद ठेवून. पत्ता विचारत विचारत, उन्हात, चपलेचा अंगठा तुटलेला. दारात उभी राहून तिने आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे, आणि मग उंबऱ्यावर बसली.

"हप्ता का न्हाई आला?" एवढंच म्हणाली. आवाज मोठा होता. शेजारपाजारच्या बायका जमल्या.

सासूबाई बाहेर आल्या. "एवड्या हजार रुपयांसाठी घरी आलात काय बाई? आमी बुडवणारी माणसं नाय. माझा पोर तिकडे कुठे हाय ते देवाला ठावं, आन तुमी वसुलीला आलात."

आक्काने सगळं ऐकून घेतलं. मलाही तोंड उघडवेना, आणि ही गोष्ट मला अजून टोचते. मी तेव्हा सांगायला हवं होतं की ही बाई कशासाठी आली आहे. मी आत जाऊन डब्यातली नोट आणली. आक्काने ती घेतली नाही. "राहू दे. पुढल्या म्हैन्यात दोन आन." पाणी प्याली, तुटलेली चप्पल हातात घेतली आणि निघाली. सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस? लाज वाटली तिला."

तिसऱ्या दिवशी फोन आला. बर्फाने तिथला टॉवर पडला होता, बाकी काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने सरावलीला गेले. आक्का भाकरी थापत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा परातीकडे पाहिलं. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बस. गरम हाय." मी सासूबाईंच्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणू लागले. "आईच हाय ती," आक्का म्हणाली. "तिनं न्हाई बोलायचं तर कुनी?"

असे पंधरा हप्ते झाले. मधे हे एकदा सुट्टीवर आले होते, तेव्हाही हप्ता मीच द्यायला गेले. यांनी बाहेर रस्त्यावर थांबायचं, असं आक्काचं म्हणणं होतं. "तू दिसतोयस, मग हप्ता कशाला? तो तिचा आन माजा हाय." पण तिने खिडकीतून यांना दोनदा पाहिलं, हे मी पाहिलं.

सोळाव्या महिन्यात गेले तर शेडमध्ये ताटं उपडी होती. शेजारणीने सांगितलं, आठ दिवस झाले. रात्री छातीत दुखलं, सकाळपर्यंत संपलं. मला कुणी कळवलं नव्हतं. कोण कळवणार, मी तिची कोण. पैसे पदरात तसेच घेऊन मी परत आले आणि पुढचे दोन महिने कुठेच गेले नाही.

हे परत आले त्याच आठवड्यात आम्ही दोघं सरावलीला गेलो. मोटरसायकलवर मागे बसून मी डोळे मिटून घेतले होते, त्या दीड वर्षाने इतकी दमले होते. संजय घरी होता. भांडी विकली होती, पोती नव्हती. त्याच्या तळव्यांना पिवळा रंग होता. यांना पाहून त्याने खुर्ची पुढे केली, मला म्हणाला, "बसा वहिनी." भरतीचा विषय कुणी काढला नाही. यांची पुढची बदली आली आहे का, त्याने विचारलं. हे म्हणाले, दोन महिन्यांनी जायचंय, पुन्हा वरच.

मग यांनी खिशातून तीन हजार काढले. "आईचे राहिले होते. तीन हप्ते."

पैसे हातात धरून हे थांबले होते. मला कळत होतं ते कशासाठी थांबलेत. संजयने म्हणावं, एकदम नको, महिन्याला आणा. वहिनींना पाठवा.

संजयला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने नोटा घेतल्या, अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि खिशात ठेवल्या.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. "फिटले."