त्या पाचांना विचारा

आमच्या कंपनीत पंप किती बनले ते आता कुणालाच आठवत नाही. पण दोन जुने कामगार नौपाड्यात चहाला भेटले की म्हात्रे मास्तरांचा विषय निघतोच. एकाचा किस्सा संपतो न संपतो तोच दुसऱ्याला आणखी एक आठवतो, आणि चहा गार होतो. मी तर टीमचा कॅप्टन, माझ्याकडे साठा जरा जास्तच!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वागळे इस्टेटमधली आमची कंपनी मुंबईच्या फुटबॉल लीगमध्ये वरच्या डिव्हिजनला चढली. कशी चढली ते आम्हालाही कळलं नव्हतं. आता चांगला कोच हवा, म्हणून डोंबिवलीकडचे म्हात्रे मास्तर इंटरव्ह्यूला आले. शाळेत पीटी शिकवायचे. खाडीकाठच्या गावांच्या लीगमध्ये त्यांची टीम दरवर्षी पहिली यायची.

पर्सोनेल मॅनेजर दामले साहेबांनी चष्मा पुसून सुरुवात केली.

"आपल्या लीगमध्ये संघ किती?"

"सहा."

"आणि मैदान?"

"भाताचं शेत. कापणी झाली की खेळायचं."

"म्हणजे शेतात, सहा संघांत पहिलं यायचं. याला आम्ही कितपत महत्त्व द्यावं?"

मास्तर जराही रागावले नाहीत. "ते मी कसं सांगू साहेब? त्या पाचांना विचारा!"

दामले हसले नाहीत, पण मास्तरांना घेतलं. एका सीझनसाठी. टीम वर राहिली तर पुढचं बघू, खाली आली तर रामराम. मास्तर शाळेची नोकरी सोडून आले आणि तिथे दुसरा माणूस लागलासुद्धा. 

*

मास्तरांचा पहिला धडा होता, "मैदानाच्या मध्यावर आलात की बॉल उचला!"

आम्ही इमानदारीत उचलायला शिकलो. पहिल्या मॅचला समोर कुणी असो नसो, मध्यावर आलं की आमचा बॉल हवेत! समोरची टीम आधी गोंधळली, मग हसायला लागली. हाफटाइमला मी विचारलं, "मास्तर, मध्येच का उचलायचा?"

"अरे, बांध असतो ना!"

"कुठे?"

मास्तरांनी वळून मैदानाकडे पाहिलं. सपाट, हिरवंगार. डोकं खाजवत म्हणाले, "मग आधी सांगायचं ना रे!"

*

आमचा स्ट्रायकर शिंदे म्हणजे तापट माणूस. एका मॅचला मास्तरांनी त्याला बाहेर काढला. त्याने तिथेच जर्सी काढून फेकली. आता शिव्या घालणार, तेवढ्यात मास्तरांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं.

"शिंदे, मला लांबचं नीट दिसत नाही रे. तू बघून सांग, आपलं काय चुकतंय?"

शिंदे सांगायला लागला. मग उभा राहून ओरडायला लागला. मॅच संपेपर्यंत त्याचा घसा बसलेला आणि जर्सी परत अंगात.

परतताना मास्तर, शिंदे आणि मी खोपटला एसटी डेपोसमोर, रस्त्याच्या अलीकडे उभे होतो. पार पलीकडे डेपोच्या कोपऱ्यात एक बस लागली. मास्तर म्हणाले, "शिंदे, तुझी भिवंडीची लागली. मागे दोन सीट रिकाम्या आहेत."

शिंदे चमकला. "मास्तर, तुम्हाला लांबचं दिसत नाही ना?"

"बस दिसते रे!"

*

आम्ही पहिली मॅच जिंकलो ती एका बँकेच्या टीमशी. शिटी वाजताच मास्तर थेट त्यांच्या खोलीत शिरले. "चला, जेवायला!"

त्यांचा कॅप्टन अंगावरच आला. त्याला वाटलं, हा खिजवतोय. मास्तर शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे जिंकणाऱ्याने हरलेल्याला जेवू घालायचं असतं. नाहीतर पुढच्या वर्षी खेळायला कोण येईल?"

आमच्या कँटीनमध्ये दोन्ही टीम एका रांगेत बसल्या. म्हात्रे काकूंनी घरून बोंबलाचं कालवण करून आणलेलं. बँकेचा धिप्पाड डिफेंडर तिसऱ्यांदा भात घेत म्हणाला, "मास्तर, परतीच्या मॅचला पण हरू काय?"

*

शेवटची मॅच. नुसती बरोबरी झाली असती तरी आम्ही वर राहिलो असतो, मास्तरही राहिले असते. शेवटच्या क्षणी गोल खाल्ला आणि सगळं संपलं. शिंदे लहान पोरासारखा रडला. मला मास्तरांकडे बघवेना.

मास्तर मात्र समोरच्या टीमच्या खोलीच्या दाराकडे बघत होते. ती टीम बसमध्ये बसून निघूनही गेली.

"लीग मोठी आहे," मास्तर म्हणाले, "पण जेवायला विचारत नाहीत."

*

त्या रविवारी सकाळी दामले साहेब माझ्या दारात हजर! "चला कॅप्टन. त्या पाचांना विचारून येऊ."

रिक्षा करून आम्ही डोंबिवलीपलीकडच्या गावांत फिरलो. पहिल्याच गावच्या कॅप्टनला दामल्यांनी सरळ विचारलं, "म्हात्रे मास्तरांनी तुम्हाला दरवर्षी हरवलं. ते कोच मोठे, की तुम्हीच कच्चे?"

"आमी कच्चे? मागं कल्याणची टीम आलती, तिला पानी पाजलं आमी! मास्तरांसमोर तेवढं काय चालत नाय." मग तो जरा पुढे सरकला. "का वो साहेब, सोडताय काय त्यांना?"

"विचार चालू आहे."

पाचही गावांत थोड्याफार फरकाने हेच. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तोच प्रश्न, सोडताय काय?

सोमवारी मास्तर केबिनमध्ये आले. किट दिलं, शिटी टेबलावर ठेवली आणि बॅग मांडीवर घेऊन बसले. दामल्यांनी किट मोजायला घेतलं. मी शेजारीच बसलेलो. तेवढ्यात गेटवरून फोन आला. वॉचमनचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

"साहेब, गेटवर पाच टेम्पो लागलेत! पाच गावांचे कॅप्टन मास्तरांना न्यायला आलेत! आणि कुणी न्यायचं यावरून त्यांच्यातच जुंपलीय! काय सांगू?"

दामल्यांनी समोर बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मग टेबलावरची शिटी उचलून त्यांच्यापुढे सरकवली आणि फोनमध्ये म्हणाले,

"त्यांना सांग, मास्तर प्रॅक्टिसला गेलेत."