रविवारची विश्वामित्री

सकाळी पावणेआठला नागपूरहून फोन आला. "काकू, मी शुभा, माधुरीची धाकटी बहीण. माधुरी काल दुपारी गेली..." मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

माधुरी माझी भाडेकरू. कारखान्यातल्या पाइपांचं वेल्डिंग तपासणारी इंजिनिअर, वय बावन्न, लग्न न केलेली. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात तीन महिन्यांचं काम घेऊन ती आली आणि शहरात हरणीला असलेल्या माझ्या घराची वरची खोली तिनं घेतली. तीन महिन्यांचे अकरा झाले. मी मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. हे गेल्यानंतर दोन वर्षं मी दूध आणि देवदर्शन यापलीकडे घराबाहेर पडले नव्हते. मुलगा बंगळुरूला. दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी माधुरी खाली आली आणि म्हणाली, "काकू, ही तुमची विश्वामित्री पावागढाहून निघते म्हणतात. मी ती उगमापासून शेवटपर्यंत चालणार आहे. दर रविवारी थोडी थोडी. तुम्ही चला. घरात बसून काय करून राहिल्या?"

विश्वामित्रीला आम्ही बडोदेकर नदी म्हणतो खरं, पण पुलावरून जाताना नाकाला पदर लावतो. मी माझे गुडघे पुढे केले, नदीतल्या मगरी पुढे केल्या. ती ऐकून घेत होती आणि वहीत बसच्या वेळा लिहीत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी तिच्याबरोबर बस स्टँडवर उभी होते, कशी ते मला अजून कळलेलं नाही.

वरच्या अंगाला नदी म्हणजे नुसते दगड आणि वाळू. पात्रातूनच चालायचं. पुढे पाणी लागलं तसं आम्ही शेतांच्या बांधांवर चढलो. माधुरीला प्रत्येक गोष्टीपाशी थांबायची सवय... चिखलातला ठसा, वाळूतलं टिटवीचं अंडं, कुठलंसं गवत. तारेवरच्या पक्ष्याला ती खंड्या म्हणायची. मी लहानपणापासून त्याला गुजरातीतलं कलकलियो हेच नाव ऐकलेलं. त्यावरून आम्ही अर्धा किलोमीटर वाद घातला. एकदा शेतातून एकजण ओरडला, "बेन, पाणी पासे ना जता, मगर छे." बघितलं तर समोरच्या काठावर मगर उन्हाला पडली होती, तोंड उघडं टाकून. इतकी वर्षं या गावात काढून मी मगर अशी शांतपणे कधी पाहिली नव्हती. तिथून हलावंसं वाटेना.

पौषातल्या एका रविवारी चालता चालता ती एका बाभळीखाली बसली आणि तिला उठता येईना. पाणी पाजलं, डबा उघडला. तिनं थेपल्याचा एक तुकडा तोडला आणि तो हातात धरूनच सांगितलं. चार वर्षांपूर्वी कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, आणि आता तो परत आला होता. दिवाळीत नागपूरला गेली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. औषधानं काही महिने मिळतील, बरं होणार नाही. बहिणीला सांगितलं नव्हतं.

"आपण आत्ता घरी जाऊ," मी म्हणाले. "आणि उद्या तू नागपूरला जा."

"जाईन ना. काम संपलं की जाईन. पण नदी संपवून."

त्या संध्याकाळी शुभाचा नंबर शोधून मी फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही. मग मी माझी एक वही काढली. उरलेल्या वाटेचे चार-चार किलोमीटरचे तुकडे मोडून मी दोन-दोनचे केले, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी रिक्षा येऊ शकेल असा रस्ता शोधला. सकाळी ती वही माधुरीसमोर ठेवली. तिनं ती बराच वेळ पाहिली. "बाई, गणित पक्कं आहे तुमचं," एवढंच म्हणाली.

शहरातला भाग आम्ही पुलापुलांवरून पाहिला, घरांच्या मागच्या बाजूंनी, कचऱ्यातून. खालच्या अंगाला पुन्हा शेतं. चैत्रात एका सकाळी विश्वामित्री ढाढर नदीला मिळते तिथं पोचलो. गढूळ संथ पाणी, लांबवर म्हशी. माधुरी काठावर बसली आणि हसू लागली. "एवढंच?" म्हणाली. मलाही हसू आलं. मग आम्ही तासभर तिथून उठलो नाही... त्याच आठवड्यात माधुरी काम संपवून नागपूरला गेली.

गेल्या शनिवारी शुभा माधुरीचं मागे राहिलेलं सामान न्यायला आली. चहा झाल्यावर तिनं सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो. पौषापासून."

"आम्हाला चैत्रात कळलं. मग थांबवलं का नाही तुम्ही?"

"मी थांबवलं असतं तर ती एकटी गेली असती."

ती उठली. वर जाऊन सामान बांधत राहिली. तिचा राग योग्यच आहे, आणि तो मला सोसायला हवा.

रविवारी पहाटे मी बूट घालत होते. विश्वामित्री मी पुन्हा पावागढापासून सुरू केली आहे. रात्री वरच राहिलेली शुभा जिन्यावर येऊन उभी राहिली. कुठं निघालात, असं तिनं विचारलं, मी सांगितलं. ती आपल्या पायांकडे बघून म्हणाली, "माझ्याकडे चपलाच आहेत."

माधुरीचे बूट तिला एक नंबर मोठे झाले. पुढे कापूस घातला. तिला चालायची सवय नाही, म्हणून त्या दिवशी मी एकच किलोमीटर ठरवला.