आईला आत नेणारा हात

देवावर माझा विश्वास आहे. पण आईबरोबर प्रवास करताना तो टिकवणं फार जड जातं. किल्लारीच्या भूकंपात तिच्या डोळ्यांदेखत घराची भिंत कोसळली, तेव्हापासून ती दगडी छताखाली पाऊल टाकत नाही. निलंग्यातलं आमचं प्रार्थनाघर पत्र्याचं आहे, म्हणून तिथं तेवढी येते. आणि याच बाईनं माझ्या ऑपरेशनच्या वेळी नवस काय बोलावा? गोव्यातल्या बेटावरच्या जुन्या चर्चमध्ये मारियामातेपुढं स्वतःच्या हातानं मेणबत्ती लावीन!

एसटी, रेल्वे, मग मांडवीतली फेरीबोट. वाटभर कुरकुर: भात जाडा, पाणी खारं. लॉजवर तर ती व्हरांड्यातच झोपली.

टेकडीवर चुन्यानं पांढरंशुभ्र चर्च उभं होतं, दोन अंगांना दोन मनोरे. आत जांभ्या दगडाच्या रुंद भिंती, वेदीवर दगडी कमान, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आणि त्यातून झिरपणारा दुधाळ उजेड. आईला धीर यावा म्हणून मी दारातली पाटी वाचून दाखवली. टेकडीवर पूर्वी देऊळ होतं; पहिलं चर्च जीर्ण झाल्यावर हे नव्यानं बांधलं.

"म्हंजी आधीचंबी पडलंच की!" म्हणत ती पायरीवर बसली.

"आये, चार पावलं हायत."

"तूच लाव जा. वर किती दगड हाय, बघ की."

"नवस तुझा हाय!" माझा आवाज चढला. लोक वळून बघू लागले. मी तणतणत एकटीच आत गेले, बाकावर बसले आणि खरं सांगायचं तर प्रार्थना नव्हे, तक्रार केली. माते, मी दमले. हिचं आता तूच बघ.

मागं वळून पाहिलं, तर डोळ्यांनी अधू एक म्हातारी चाचपडत पायऱ्या चढत होती. आईपाशी थांबून, आत ने म्हणत तिनं हात पुढं केला. "म्हाका भितर व्हर गो, बाय." आईला कोकणी ओ की ठो कळत नाही, पण पुढं आलेला हात कळला. "चला मावशी, सावकास. हितं उंबरा हाय," म्हणत ती तिला धरून थेट वेदीपर्यंत घेऊन आली. बाकावर बसवलं आणि मग आईची नजर वर गेली. ती त्या कमानीकडं बघत राहिली. म्हातारीनं तिचा हात सोडला नव्हता.

"बघत काय बसलीस?" आई माझ्यावर खेकसली. "काडेपेटी दे."

मेणबत्ती लागली. नंतर आई तिथून उठेचना. आमची फेरीबोट चुकली आणि मी पुन्हा चिडले. म्हातारी त्या वेळी कशी आली, याचा उलगडा मी करत बसत नाही. इतकी वर्षं मी आईला ओढत होते. ती आत गेली ती दुसऱ्या कुणाला आधार द्यायला. त्या मातेचे उपकार मानते, आणि आईला हल्ली थोडं कमी ओढते.