सगळ्यात मागची मोटरसायकल

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. नाव एकाचं आठवतं, चेहरा दुसऱ्याचाच डोळ्यांपुढे येतो. हे एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं लक्षात आहे.

मी तेव्हा वाटूरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. हिवाळ्याचे दिवस, तुरी काढणीला आलेल्या. सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी बसलो होतो, तेवढ्यात जालन्याहून एक तिशीतला तरुण आला. त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. दर रविवारी आठ-दहा जण मोटरसायकली घेऊन आडरस्त्यांनी फिरायला निघत आणि हा त्यांचा म्होरक्या. आदल्या दिवशी ते जालन्याहून अंबड, तिथून खेड्यापाड्यांतून वाटूर फाट्यावर जेवायला आले होते. त्यांच्यातला एक जण परतला नव्हता.

"नाव सांगा," ठाणे अंमलदार म्हणाला.

तरुण गडबडला. "सगळे काकाच म्हणतो, साहेब. वय साठच्या पुढं. कायम सगळ्यात मागं चालवतात."

"आडनाव?"

"ते... न्हाई माहीत."

पण गाडीचा नंबर त्याला पाठ होता. रात्री फोन बंद लागला म्हणून पहाटेच तो काकांच्या घरी जाऊन आला होता. दाराला कुलूप होतं. एवढं करणारा तो एकटाच.

मी त्याच्या मोबाइलमधला फाट्यावरच्या जेवणाचा फोटो पाहिला. हसरे चेहरे, ताटं, मागे ओळीनं लावलेल्या गाड्या.

"यात ते नाहीत, हे कोणाच्या लक्षात आलं?"

"आम्हाला वाटलं, मधूनच घरी वळले असतील," तो म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

बेपत्ता असल्याची नोंद, म्हणजे आमच्या भाषेत मिसिंग, दाखल केली. नंबरवरून आरटीओकडून नाव-पत्ता मिळाला, बाकीचं शेजाऱ्यांकडून कळलं. सरकारी नोकरीतून निवृत्त, पत्नी वारलेली, एकुलता मुलगा परदेशात. मुलाला फोन लावला. मी सगळं सांगितल्यावर पलीकडून पहिला प्रश्न आला, "बाबा मोटरसायकल चालवतात?"

इतक्या वर्षांत नातेवाइकांचे खूप फोन घेतले होते, पण हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला.

टॉवर लोकेशन रविवारी दुपारी आमच्याच हद्दीत संपत होतं. माणसं पाठवून रस्ते, पूल, विहिरी बघितल्या. सरकारी दवाखान्यांत विचारलं. काही हाती लागलं नाही. मंगळवारी सकाळी बीट अंमलदाराच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला.

"साहेब, मोसंबीच्या बागंत एका आखाड्यावर कडब्याखाली भारी गाडी झाकून ठेवलीय. बराबर बघितली मी."

शेतातल्या वस्तीच्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आम्ही पोचलो. कडबा बाजूला केला तर तीच गाडी, एका बाजूनं खरचटलेली. आत खुंटीला हेल्मेट होतं आणि बाहेर दोरीवर एक जाकीट वाळत होतं. धुतलं होतं, तरी कॉलरवरचा रक्ताचा डाग पुरता गेला नव्हता. पंचनामा लिहिताना माझा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, काम संपवलं वाटतं म्हाताऱ्याचं."

मलाही तेच वाटत होतं.

आखाड्याचा मालक शेतकरी चाळिशीचा, अंगानं किरकोळ. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, बाकी घरात फारसं काही नाही. त्याला चौकशीला ठाण्यात आणलं.

"गाडी कुणाची?"

"पाव्हण्याची."

"पाहुणा कुठंय?"

त्यानं वर घड्याळाकडे बघितलं.

"रक्त कुणाचं?"

"त्यांचंच."

"मारलं का?"

"न्हाई, साहेब. मी कशाला मारू?"

"मग माणूस दाखव."

"शब्द दिलाय त्यान्ला. न्हाई सांगता येत."

एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. न विचारलेलं सांगतो, देवाच्या शपथा घेतो, पाणी मागतो. यानं यातलं काहीच केलं नाही. फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. हवालदारानं आवाज चढवला, तेव्हाही त्याची नजर तिथंच. शेवटी तोच अजिजीनं म्हणाला, "साहेब, मला जल्दी सोडा. त्यांच्या गोळीचा टाइम झाला. माय विसरती."

मेलेल्या माणसाला कुणी वेळेवर गोळ्या देत नाही.

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "हे बघ, तुझा शब्द तू पाळलास. पण तिकडं त्यांचा मुलगा रडतोय. आता काय करू सांग."

"मुलगा रडून राह्यला?" त्याला ते खरं वाटेना. "ते तर म्हणले, मला कुणीच इचारणार न्हाई. मंग चला."

गावातल्या त्याच्या घरी ओसरीवरच्या बाजेवर काका बसले होते. कपाळाला पट्टी, पाय सुजलेला. शेतकऱ्याची आई त्यांना तुरीच्या शेंगा सोलून देत होती. आमची वर्दी बघून ते उठायला लागले.

"याचा काही दोष नाही," पहिलं वाक्य ते हेच बोलले. "मीच कुणाला सांगू नको म्हणालो."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. वळणावर खडी पडलेली होती. गाडी घसरली. पुढच्या गाड्यांचा धुरळा दिसत होता, हॉर्न ऐकू येत होते. मग धुरळा खाली बसला.

"फोन खिशात होता?"

"होता. चालू होता."

"मग लावला का नाही?"

ते शेंगा हातातल्या हातात फिरवत राहिले. "म्हटलं, आता फाट्यावर पोचतील. गाड्या लावतील. बसताना तरी बघतील, कोण आलं, कोण नाही. मग फोन येईल." हातातली शेंग खाली ठेवून ते म्हणाले, "जेवणाची वेळ टळून गेली, साहेब. मग मीच बंद केला."

तिथून जाणाऱ्या या शेतकऱ्यानं त्यांना उचलून आखाड्यावर नेलं. गावातल्या डॉक्टरकडून टाके घालून आणले आणि रात्री गारठा नको म्हणून आईकडे आणून ठेवलं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून कडब्याखाली झाकली.

"कुणी विचारलं का माझ्याबद्दल?" काकांनी अचानक विचारलं.

मी जालन्याच्या त्या तरुणाचं सांगितलं. पहाटे तुमच्या दारात जाऊन आला, दोन दिवस माझ्या ठाण्याबाहेर बसून आहे. त्यांनी तोंड फिरवलं. शेतकऱ्याची आई उठली आणि पदरानं त्यांचे डोळे पुसायला लागली, लहान लेकराचे पुसावेत तसे.

ठाण्यात आल्यावर मुलाला फोन लावून दिला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या तरुणानं काकांना बघताच, वर्दीतली एवढी माणसं समोर असताना, सरळ पायांवर डोकं ठेवलं. काका पुटपुटले, "अरे, ऊठ. तू आलास की."

जबाब घेतला, मिसिंग निकाली काढली. शेतकऱ्याला मी स्वतः आखाड्यापर्यंत सोडलं. जीपमधून उतरताना त्यानं विचारलं, "गाडी बराबर पोचंल ना त्यांची?" स्वतःला दिवसभर बसवून ठेवलं त्याबद्दल चकार शब्द नाही.

पुढे काकांचा मुलगा येऊन भेटून गेला, सोबत चला म्हणाला. काका गेले नाहीत.

मिसिंगमध्ये एक रकाना असतो, माणूस कधीपासून बेपत्ता आहे त्याचा. पूर्वी मी तो सहज भरून घ्यायचो. या प्रकरणानंतर तो भरताना माझा हात थोडा थांबायचा. ज्याचं आडनाव सोबत्यांना माहीत नाही आणि ज्याची गाडी मुलाला माहीत नाही, तो रविवारी दुपारी हरवला असं कसं लिहायचं? माणूस हरवल्याचं आपल्याला फार उशिरा कळतं, आणि पुष्कळदा तोवर तो आपल्यासोबत जेवतही असतो.

आता मीही निवृत्त आहे. एके काळी फोन दिवसभर वाजायचा. आता दुपारच्या दुपार तो उशाशी मुकाट पडून असतो. बायको माहेरी गेली की घरात टीव्हीशिवाय आवाज नसतो. परवाच्या रविवारी असाच बसलो होतो. काही काम नव्हतं, निमित्त नव्हतं. काकांचा नंबर काढला आणि लावला.

पलीकडे वाऱ्याचा मोठा आवाज होता, त्यात त्यांचा.

"कोण? साहेब? थांबा, थांबा, गाडी बाजूला घेतो."

मी फोन कानाला लावून थांबलो.