फोटोत न आलेला घुंगट

जयपूरच्या त्या तपासणी केंद्रात घुंगट घेतलेली एक बाई माझ्या आधी येऊन बसली होती. तिच्याही स्तनात गाठ, माझ्याही. गाठ आपलं पोट भरायला नव्या रक्तवाहिन्या तयार करते, टोचलेलं औषध तिथेच जाऊन चिकटतं आणि फोटोत ती जागा उजळते, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं.

इंजेक्शन दिल्यावर आम्हा दोघींना एकाच खोलीत थांबवलं. घुंगटाआडून ती माझ्याशी भरपूर बोलली. दार वाजलं की मात्र ओढणी चिमटीत धरून आणखी खाली ओढायची, कारण बाहेर तिचे थोरले दीर बसले होते.

तिचा स्कॅन झाल्यावर टेक्निशियनने दिरांना कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी बोलावलं, तशी तिने माझा हात पकडला. "जेठजी ने मत दिखाओ. घूंघट तो फोटू में आयो ही कोनी."

घुंगट फोटोत आलाच नाही, म्हणून थोरल्या दिरांना दाखवू नका म्हणे! मला हसूच आलं. जिवावर बेतलंय आणि हिला घुंगटाची पडलीय, असं मी तिच्यादेखत, बाहेर थांबलेल्या माझ्या नवऱ्याला मराठीत म्हणालेही.

मग माझी पाळी आली. आत जाऊन, फोटो काढून बाहेर आले, तर पडद्यावर राखाडी सावलीसारखी मी होते आणि छातीपाशी तेवढं लख्ख. नवरा बघत होता. आम्हाला गाडीतून घेऊन आलेले त्याचे साहेबही वाकून बघत होते. मी ओढणी दोन्ही हातांनी छातीवर घट्ट ओढून घेतली. पडद्यावर त्या ओढणीने काहीच झाकलं गेलं नाही.

ती अजून दारातच उभी होती. फक्त तिनेच पडद्याकडून मान फिरवली.